दार बाहेरून कोणी लावलं

सिनेमाचं नाव 'आखरी ग्रह'. आकाशात लढाई, उडणारी जहाजं आणि हिंदीत बोलणारे गोरे लोक. आखरी म्हणजे शेवटचा, एवढं हिंदी मला येतं. भिवंडीत राहून हिंदी येत नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तर त्या शेवटच्या ग्रहाचा दुसरा भाग आला आणि आमच्या भाविकशेठचं जेवणखाण सुटलं.

मी विचारलं, "अरे, शेवटचा होता ना? मग हा दुसरा कुठून उगवला?"

"काका, तो लॉजिकचा मुद्दा न्हाय," भाविक म्हणाला. "तो धंद्याचा मुद्दा हाय. लॉजिकचे मुद्दे वेगळे. सतरा हायत."

सतराच्या सतरा मुद्दे त्यानं वहीत उतरवून काढले होते, आणि ती वही गोडाऊनची होती.

मी बाळाराम. पूर्णा गावातल्या एका गोडाऊनच्या गेटावर नऊ वर्षं वॉचमन आहे. गाडी आली की रजिस्टरात नोंद करायची. जायला लागली की कागद बघायचा, दाराचं सील बघायचं, दोन्हींवरचा नंबर जुळला की दांडा वर करायचा. ह्यात डोकं लागत नाही, म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षीही ठेवलंय मला. ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार? गावाकडे, वाडा तालुक्यात, बायको आहे आणि बारावीतली पोरगी आहे. दोघींचं सगळं ह्या दांड्यावर चालतं, हे आधीच सांगून ठेवतो.

आणि भाविक आमचा सुपरवायझर. वय एकोणतीस, अंगानं दणकट, गळ्यात सोन्याची साखळी, आणि जीभ कधी टाळ्याला टेकलेली नाही. डॉक पाच ते आठ त्याच्याकडे. डॉक म्हणजे जिथे गाडी मागे लावून माल चढवतात तो ओटा. आज जिथे डॉक नंबर सहा आहे तिथे त्याच्या बापाचं, काळूरामशेठचं, भाताचं खळं होतं. जमीन गोडाऊनवाल्यांना देताना काळूरामशेठनी एक अट घातली होती: घरातल्या एकाला नोकरी. इथे सगळेच ही अट घालतात. जमिनीच्या पैशाचा बंगला झाला, थोरल्या पोरीची हळद अशी झाली की खारबावपर्यंत डीजे ऐकू गेला, उरलं ते भावकीत वाटलं गेलं. राहिली ती नोकरी. तीही कच्ची. सहा वर्षं गोडाऊनचे साहेब सांगायचे, पुढच्या वर्षी कायम करू.

ह्या जानेवारीत मात्र पत्र टाईप झालं होतं. सोमवारी साहेब सही करणार होते. आणि त्या सहीवर आणखी एक काम अडलेलं होतं. खारबावच्या अनंताशेठची पोरगी मेघाली भाविकला सांगून आली होती. पोरगी शिकलेली, दिसायला नीटस, आणि भाविकची बडबड ऐकून हसायची, म्हणजे स्वभावानं फारच चांगली. पण अनंताशेठनी रोखठोक सांगितलं होतं, "कायमचा कागद दाखवा, गुरवारी सुपारी फोडू." ह्यांच्यात चार जाणत्यांसमोर सुपारी फुटली की लग्न पक्कं. तोवर सगळं तोंडाचं.

शहाणा माणूस अशा वेळी आठवडाभर देवाचं नाव घेऊन गप्प बसला असता. आमच्या शेठनी काय केलं, ते ऐका.

त्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, 'आखरी ग्रह फॅन्स भिवंडी'. दोनशे बारा माणसं. भाविक ॲडमिन. कोणी लूमवर ड्युटी करणारा, कोणी क्लास चालवणारा, कोणी मोबाइल दुरुस्त करणारा. पण ग्रुपवर सगळे शास्त्रज्ञ. घरातला फ्यूज उडाला तर वायरमन बोलावतील, आणि इथे प्रकाशाच्या वेगानं जाणाऱ्या जहाजाला ब्रेक कुठून लावायचा ह्यावर हाणामारी. भाविक ड्युटीवर माझ्या केबिनबाहेर उभा राहून मला वाचून दाखवायचा. मला पळायला जागा नव्हती.

दुसऱ्या भागाच्या शेवटी काय होतं, ते मला आता तोंडपाठ आहे. ग्रह फुटायला आलेला असतो. चाळीस हजार माणसं एका मालवाहू जहाजात बसतात. अकरा मिनिटांत बसतात. शत्रूची यंत्रं आवाज पकडतात म्हणून ती चाळीस हजार माणसं पुढची अकरा मिनिटं एक शब्द बोलत नाहीत. आणि जहाजाचं दार फक्त बाहेरून लागत असल्यामुळे ओरेन नावाचा हीरो बाहेर राहतो, दार लावतो, आणि फुटणाऱ्या ग्रहावर एकटा उरतो. थिएटरात लोक रडले म्हणे. भाविक उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हॅ." मागच्यानं त्याला खाली बसवलं.

"काका, तुमीच सांगा," तो मला म्हणाला, "बत्तीस फुटी गाडी भरायला सहा हमाल आन दोन तास लागतात. मी रोज भरतो. एका दारातून चाळीस हजार माणसं अकरा मिनिटांत? म्हणजे शेकंदाला साठ. कोणीतरी अडखळणार का न्हाय? कोणाची चप्पल तुटणार का न्हाय?"

मी म्हटलं, बरोबर आहे. म्हणावंच लागतं, नाहीतर तो पहिल्यापासून सांगतो.

"दुसरं, चाळीस हजारांत तान्ही पोरं असणार. ती गप? आमच्या घरात पाच माणसं हायत, बातम्या ऐकू येत न्हायत. आन तिसरं," इथे त्याचा आवाज चढायचा, "तो ओरेन. त्याचं लगीन ठरलेलं हाय. पोरगी जहाजात बसलेली हाय. असा माणूस बाहेर राहून दार लावील? का? कोणाच्या तरी दुसऱ्याच्या जिवासाठी? ह्याला काय लॉजिक हाय? असा माणूस नसतो काका. लिहिणाऱ्याला घोडं पुढं ढकलायचं होतं म्हणून त्याला बाहेर ठेवला."

ग्रुपवर ह्याच्याशी भांडणारा मुख्य माणूस कुणाल. टेमघरला राहायचा आणि आमच्याच गोडाऊनच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा, गेटपास काढायचा. दोघांच्या टेबलांत वीस पावलांचं अंतर, पण भांडायचे मोबाइलवर. कुणाल सिनेमाच्या बाजूनं. त्याचं म्हणणं, माणसं जिवाच्या भीतीनं असली की पटापट चढतात आणि गपही बसतात. भाविकला पुठ्ठ्याचे खोके भरायची सवय, माणसांचं त्याला काय कळतंय. हे शेवटचं वाक्य भाविकला फार लागलं.

"रविवारी डॉक सहावर या," त्यानं ग्रुपवर टाकलं. "किती टाइम लागतो ते घड्याळ लावून बघू."

आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच. सोमवारी कायमची सही, गुरुवारी सुपारी, आणि आदल्या रविवारी सुट्टीच्या दिवशी हा गोडाऊनमध्ये ग्रह खाली करणार. मी त्याला म्हटलं, "भाविक, एक आठवडा दम धर. सुपारी फुटू दे, मग खुशाल आकाशात जा." तो म्हणाला, "काका, तवर तिसऱ्या भागाची तारीख येईल."

दोनशे बारापैकी त्रेचाळीस जण आले. काळे टीशर्ट, छातीवर फुटका ग्रह. मी एकेकाचं नाव, सुट्टीवरच्या कुणालचंसुद्धा, व्हिजिटर रजिस्टरात लिहिलं. 'कोणाकडे' ह्या खान्यात त्रेचाळीस वेळा 'भाविक' लिहिलं आणि खाली त्याची सही घेतली. 'काम' ह्या खान्यात काय लिहायचं ते मला सुचेना. भाविक म्हणाला, "लिवा, तपासणी."

डॉक सहापाशी एक रिकामा बत्तीस फुटी कंटेनर उभा होता. नागपूरचा माल भरायचा म्हणून दोन दिवस थांबलेला. ड्रायव्हर बिचारा वैतागून समोरच्या ढाब्यावर जाऊन बसला होता. गाडी डॉकपासून चार फूट पुढे होती, मधे लोखंडी फळी टाकली होती. त्या फळीवरून त्रेचाळीस माणसं आत जायला चौदा मिनिटं लागली, कारण प्रत्येकाला फळीवर उभं राहून फोटो काढायचा होता. भाविक खूश. त्यानं जागेवरच हिशोब केला की ह्या वेगानं चाळीस हजारांना नऊ दिवस लागतील, आणि तोवर ग्रह काय वाट बघत बसणार आहे का.

इथे थांबले असते तर सगळे घरी जेवायला गेले असते. पण कुणाल म्हणाला, अजून गप्प बसायची परीक्षा बाकी आहे. आणि दार नुसतं ढकलून चालणार नाही, नीट बंद व्हायला हवं, नाहीतर जिवाची भीती येणार कशी. भाविकला मुद्दा पटला. वाईट गोष्ट एवढीच की त्याला मुद्दा पटला की तो अर्धवट सोडत नाही. गाडी बंद करायची तर रीतसर बंद करायची. त्यानं सीलच्या पेटीची चावी काढली. कुणाल ऑफिसात जाऊन गेटपास काढून आला. नंबर, नागपूर, सगळं कॉम्प्युटरनं आपोआप छापलं. भाविकनं त्यावर सील नंबर टाकला, सही केली. आणि कुणालनं, रोजची सवय, तो कागद डॉकवरच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवला आणि मग आत जाऊन बसला.

त्या ट्रेबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे ड्रायव्हर कोणाला काही विचारत नाही, आणि ड्रायव्हरला कोणी काही सांगत नाही. ट्रेमध्ये कागद आला म्हणजे गाडी भरली. दाराला सील आहे म्हणजे गाडी निघाली. नऊ वर्षांत ह्यात कधी चूक झालेली नाही, कारण कागद खोटा काढण्याची अक्कल कोणाला आलेली नव्हती.

भाविकनं दोन्ही दारं ओढून घेतली, दांडा बसवला आणि सीलचा खिळा ठोकला. लोखंडी सील, हातानं निघत नाही, कटरनं कापावं लागतं. अकरा मिनिटांची वेळ लावली आणि तो कटर आणायला स्टोअरकडे गेला. स्टोअरला कुलूप. चावी शोधता शोधता सहा मिनिटं गेली.

तेवढ्यात ड्रायव्हर ढाब्यावरून आला. ट्रेमध्ये कागद, दाराला सील. दोन दिवसांनी सुटका झालेल्या माणसानं आणखी काय बघायचं? तो गाडी घेऊन माझ्या गेटावर आला आणि म्हणाला, "चाचा, आखिर छोड़ा इन लोगों ने." मी कागद बघितला. मागे जाऊन सील बघितलं. नंबर जुळला. भाविकची सही, रोजची ओळखीची. आत त्रेचाळीस माणसं असतील असं माझ्या बापाच्याही डोक्यात आलं नसतं. मला एवढंच माहीत की पोरं डॉकवर काहीतरी खेळतायत. आणि आतून चिडीचूप. जन्मात कधी गप्प न बसलेली ती टाळकी नेमकी तेव्हा गप्प बसली होती. गाडी हलली तेव्हा त्यांना वाटलं, भाविकनं आपल्यासाठी मुद्दाम हालवली, वा, काय फील आणलाय. हे मला नंतर त्यांच्यातल्याच एकानं सांगितलं. मी दांडा वर केला आणि गाडी नागपूरला निघाली.

पाच मिनिटांनी भाविक पळत आला. हातात कटर, तोंड पांढरं. "काका, गाडी?"

"गेली की. तुझीच सही आहे."

तो खाली बसला आणि लगेच उठला. मोटारसायकलला किक मारताना त्याचा पाय तीनदा घसरला. त्यानं कुणालला फोन लावला, त्या डब्यात रेंज कुठली. जानेवारी असला तरी लोखंडी डबा, खिडकी नाही. मी गेट उघडं टाकून त्याच्या मागे बसलो. नऊ वर्षांत गेट सोडलं ते तेव्हाच.

भिवंडीच्या ट्रॅफिकला मी जन्मभर शिव्या दिल्यात. त्या दिवशी हात जोडले. रविवार असला म्हणून काय झालं, आमच्याकडे रविवार फक्त शाळांना असतो. गोडाऊनच्या गाड्या, खड्डे, मधेच रिव्हर्स घेणारा ट्रेलर. कंटेनर पाऊण किलोमीटरवर अडकून पडला होता. आतून धपाधप आवाज येत होता. एक खड्डा लागला तेव्हा त्यांची परीक्षा संपली होती. भाविकनं भर रस्त्यात सील कापलं. दार उघडलं तर घामानं निथळलेली त्रेचाळीस पोरं, पहिला कुणाल, आणि त्यानं खाली उतरून पहिलं वाक्य काय म्हणावं? "साडेआठ मिनिटं गप होतो. लिहून घे."

कोणाला काही झालं नाही. एकाचा अंगठा ठेचला, एकाला ओकारी झाली. पण रस्त्यावरच्या दहा जणांनी व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो सगळीकडे. 'बंद कंटेनरमधून माणसांची तस्करी', असं कोणीतरी वर लिहिलं. पोलीस आले, सिनेमाची गोष्ट ऐकून गेले. रात्री कंपनीच्या हेड ऑफिसातून साहेबांना फोन आला की उद्या दुपारपर्यंत कोणाची चूक ते लिहून पाठवा, त्याला आम्ही काढतो.

सोमवारी सकाळी साहेबांनी केबिनमध्ये तिघांना बोलावलं. भाविक, कुणाल आणि मी. टेबलावर एका बाजूला भाविकचं कायमचं पत्र, सहीशिवाय. दुसऱ्या बाजूला कोरा कागद. कुणालनं आधीच लिहून दिलं होतं की मी आत बसलो होतो, बाहेर काय झालं मला ठाऊक नाही. त्याला साहेबांनी पाठवून दिलं.

साहेब माणूस वाईट नाही. त्यांना भाविक हवा होता. काळूरामशेठ गावातलं वजन. उद्या गावानं रस्ता अडवला तर गाड्या उभ्या राहतात. वॉचमन काय, एजन्सी संध्याकाळी दुसरा पाठवते. ते माझ्याकडे न बघता भाविकला म्हणाले, "मी सांगतो तसं लिही. रविवारी काही बाहेरची मुलं वॉचमनच्या परवानगीनं आत आली."

मी भाविककडे बघितलं नाही. बघून काय करणार? त्याच्या जागी मी असतो तर मीही लिहिलं असतं. कायमची नोकरी, खारबावची पोरगी, बापाची जमीन, आणि समोर एक म्हातारा वॉचमन. ह्यात विचार करण्यासारखं काय होतं?

भाविकनं पेन घेतलं. टेकवलं. आणि थांबला.

"सर, रजिस्टरात 'कोणाकडे'मधे माझं नाव हाय. त्रेचाळीस वेळा. खाली माझी सही."

"रजिस्टर कोण बघतंय. बरं, असं लिही. मुलं वॉचमननं आत घेतली आणि सुपरवायझरला माहीत नव्हतं. वॉचमननंच दार लावलं."

"न्हाय सर. गेटापासून डॉक सहा साडेतीनशे पावलं हाय. त्या वेळी काका गेटावर चहा पीत होते, कॅमेऱ्यात दिसतंय. एक माणूस दोन ठिकाणी कसा असेल?"

"मग दार कोणीतरी लावलं असं लिही."

"कोणीतरी म्हणजे कोण? आत त्रेचाळीस, गेटावर एक. उरला कोण?"

"भाविक, दार आपोआप लागलं असेल."

"आन सील? सीलच्या पेटीची चावी माझ्याकडं असते."

"वॉचमननं सील चोरलं, लिही."

"चोरलं तर पेटी फुटलेली पायजे. पेटी साबूत हाय. सर, ह्याला भोकंच भोकं हायत."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मलाही लावावासा वाटत होता. समोर माणूस बुडतोय, त्याला दोर टाकलाय, आणि हा दोराचा पीळ मोजत बसलाय. जवळजवळ तासभर हे चाललं. साहेबांनी गोष्ट बदलायची आणि ह्यानं ती पाडायची. वेळ, अंतर, सही, चावी. सतरा मुद्दे सिनेमात काढले होते, इथे त्याहून जास्तच निघाले असतील. शेवटी साहेब उठून उभे राहिले.

"तुला कळतंय का मी कोणाला वाचवतोय?"

"मना कळतंय सर. पण ही ष्टोरी पाच मिनटांत पडेल. हेड ऑफिसात कोणीतरी विचारणार, दार बाहेरून लावलं कोणी."

"अरे कोणी विचारणार नाही," साहेब म्हणाले. "वाचतसुद्धा नाहीत. एक नाव हवंय त्यांना, बस. काहीही लिहिलंस तरी चालेल."

ह्यावर भाविकचा चेहरा पडला. व्हिडिओ पसरला तेव्हा पडला नव्हता, पत्र सहीशिवाय दिसलं तेव्हा पडला नव्हता, तो आत्ता पडला. काहीही चालेल, हे त्याला सहन होईना. त्यानं कागद पुढे ओढला आणि खाली मान घालून लिहिलं. मुलं मी बोलावली. दार मी लावलं. सील मी ठोकलं. गेटपासवर सही माझी. वॉचमननं सील व कागद तपासून नियमाप्रमाणे गाडी सोडली. लिहून झाल्यावर परत एकदा वाचलं, एका वेळेपुढचा आकडा दुरुस्त केला आणि साहेबांना दिला.

"आता बरोबर लागतंय," तो म्हणाला.

साहेबांनी कायमचं पत्र उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं. मी बाहेर आलो आणि केबिनच्या मागे जाऊन रडलो. माझी पोरगी बारावीला बसणार होती आणि माझी नोकरी शिल्लक होती, म्हणून रडलो, आणि तासभर तिथे उभा राहून मी तोंडातून एक अक्षर काढलं नाही, म्हणूनही रडलो.

संध्याकाळी काळूरामशेठ गेटावर येऊन पोराला सगळ्यांसमोर बोलले. "जमीन गेली तवा येक नोकरी आली व्हती. ती पन गेली. आता बस त्या इमानात आन जा." खारबावहून अनंताशेठचा निरोप आला, सुपारी पुढच्या वर्षी बघू. आमच्याकडे पुढच्या वर्षी म्हणजे काय ते गोडाऊनच्या साहेबांपासून मुलीच्या बापापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. वैशाखात मेघालीची हळद दुसऱ्याच घरची लागली.

आणि आता त्या दोनशे बारा विद्वानांचं ऐका. कुणालनं ग्रुपवर सगळं टाकलं, अर्थात आपण गेटपास काढला ते सोडून. दोन दिवस चर्चा झाली. एक म्हणाला, पटत नाही. गुरुवारी सुपारी असलेला माणूस असं लिहून देईल का? दुसरा म्हणाला, वॉचमन त्याचा कोण लागतो, नातं नीट दाखवलेलं नाही. तिसरा म्हणाला, आधी पूर्ण माज आणि शेवटी एकदम त्याग, हे उगाच आणलंय. ज्या त्रेचाळिसांना त्यानं कटर घेऊन बाहेर काढलं, त्यांतल्या अकरांनी ह्याला अंगठे दिले. भाविकनं सगळं वाचलं. शेवटी त्यानं लिहिलं, "मुद्दा बरोबर आहे, मीही हेच म्हणायचो," आणि ग्रुप सोडला. ॲडमिन आता कुणाल. सुपरवायझरही कुणालच, डॉक पाच ते आठ.

मी एकदा भाविकला विचारलं. "खरं सांग, मला वाचवायचं म्हणून लिहिलंस, की साहेबांच्या गोष्टीतली भोकं बघवली नाहीत म्हणून?"

"काका, साडेतीनशे पावलं हायत," तो म्हणाला. "तुमी पळत आला असता तरी तीन मिनटं लागली असती."

आता तो छोटा टेम्पो चालवतो. आठवड्यातून दोनदा आमच्याच गोडाऊनला पुठ्ठा घेऊन येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मला काय करावं सुचेना. ज्याच्या बापाचं खळं आत आहे, त्याला मी काय विचारू, नाव काय, कोणाकडे, काम काय? मी रजिस्टर मिटलं, दांडा वर केला आणि म्हटलं, "जा रे आत."

टेम्पो दहा फूट आत गेला आणि थांबला. रिव्हर्समध्ये परत गेटाशी आला. भाविक खाली उतरला, माझ्या टेबलावरचं रजिस्टर त्यानं स्वतः उघडलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

"एन्ट्री करा काका. उद्या कोणीतरी विचारेल, गाडी आत आली कशी. तुमी काय सांगाल?"

मी गाडीचा नंबर लिहिला. त्याचं नाव लिहिलं. 'कोणाकडे' ह्या खान्यात कुणाल लिहिलं. वेळ लिहिली, आठ दहा.

त्यानं वाकून बघितलं. "आठ बारा," तो म्हणाला, आणि मी आकडा खोडून दुरुस्त करेपर्यंत तिथेच उभा राहिला.